लेखणी कोणाच्या हाती? सी भाषेतील 'कॉन्स्ट'चा इतिहास

१/ पालम तालुक्यातील कोणत्याही गावचा सातबारा घ्या. गट क्रमांक सांगितला की नोंद सापडते आणि ती कोणालाही वाचता येते. तीत बदल करायचा असेल तर मात्र फेरफार नोंदवावा लागतो, नोटिसा निघतात, हरकती ऐकल्या जातात आणि मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. वाचण्याचा अधिकार निराळा, लिहिण्याचा निराळा. सी या संगणकभाषेच्या प्रमाणग्रंथात हा भेद शिरायला १९८९ साल उजाडले. आजचा थ्रेड त्या विलंबाविषयी आणि त्याने मागे ठेवलेल्या खुणांविषयी.

२/ सीमधील 'पॉइंटर' म्हणजे स्मृतीतील जागेचा पत्ता. आपल्या उदाहरणातला गट क्रमांक. फंक्शनला मजकुराची नक्कल न देता नुसता पत्ता दिला की काम झटपट होते. पण पत्ता घेणारा तिथे जाऊन वाचणार की खोडणार, हे बाहेरून कसे कळावे? कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात 'कॉन्स्ट' हा शब्दच नाही. मजकुराची लांबी मोजणारे 'स्ट्रलेन' असो वा मजकूर उतरवून घेणारे 'स्ट्रकॉपी', दोघांच्याही हाती सारखीच लेखणी. सारी भिस्त प्रोग्रामरच्या सचोटीवर.

३/ शब्द आला तो शेजारच्या घरातून. बेल लॅब्समध्येच बियार्न स्ट्रॉस्ट्रप 'सी विथ क्लासेस' (पुढची सी++) घडवत होते. १९८१ मध्ये त्यांनी 'रीडओन्ली' आणि 'राइटओन्ली' असे दोन शब्द सुचवले. कल्पना ऑपरेटिंग सिस्टिममधली: स्मृतीच्या तुकड्याला वाचनाची परवानगी वेगळी, लेखनाची वेगळी. तिथल्या सी-मंडळींनी दुसरा शब्द गाळला, पहिला ठेवला आणि त्याचे नामकरण केले 'कॉन्स्ट'.

४/ माझ्या मते हे बारसे महागात पडले. 'कॉन्स्ट' म्हटले की विद्यार्थ्याला वाटते, ही वस्तू आता अचल झाली. तसे नाही! पॉइंटरच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की *या वाटेने* आलेल्याने लिहायचे नाही. तुम्ही सातबारा वाचत असताना तिकडे फेरफार मंजूर होऊ शकतोच. 'रीडओन्ली' हे नाव अधिक प्रामाणिक होते.

५/ शिवाय हा शब्द कुठे बसतो यावर अर्थ पालटतो. तारकाचिन्हाच्या डावीकडे असेल तर नोंद खोडायची नाही. उजवीकडे असेल तर नोंद खुशाल बदला, पण हातातला गट क्रमांक बदलायचा नाही. फंक्शनच्या जाहीर घोषणेत खरे मोल डावीकडच्याचे. उजवीकडचा 'कॉन्स्ट' बोलावणाऱ्याला काहीच सांगत नाही, कारण फंक्शनला पोचते ती मुळात पत्त्याची नक्कल.

६/ १९८३ मध्ये अमेरिकेत सीच्या प्रमाणीकरणासाठी समिती बसली. तिच्यापुढचा पेच इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल: नवा कायदा करायचा, पण जुने व्यवहार बेकायदा ठरवायचे नाहीत. 'कॉन्स्ट' मोठा संसर्गजन्य. वरच्या फंक्शनने न लिहिण्याचे वचन दिले की त्याने बोलावलेल्या खालच्या प्रत्येकाने ते द्यावे लागते. 'नोअलायस' नावाचा आणखी एक शब्द उशिरा मसुद्यात आला, तेव्हा १९८८ मध्ये खुद्द रिचींनी कडाडून विरोध केला आणि तो गळला. 'कॉन्स्ट'च्या उपयुक्ततेबद्दलही ते साशंक होते. तो मात्र टिकला.

७/ तडजोडीच्या खुणा आजही दिसतात. अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर बदलू नये, असा नियम झाला. पण त्याच्या प्रकाराला 'कॉन्स्ट' जोडला नाही, नाहीतर जुने प्रोग्राम अडले असते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हाताशी घेऊन टर्बो सीवर शिकलेल्या पिढ्यांना याचा चटका सहसा बसला नाही, कारण डॉसमध्ये स्मृतीला राखणच नव्हती. असा मजकूर बदलला तरी बहुधा खपून जाई. तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला की कोसळतो.

८/ सर्वांत बोलकी खूण 'स्ट्रचर' या फंक्शनची. मजकुरात एखादे अक्षर शोधून त्याचा पत्ता द्यायचा, एवढेच त्याचे काम. आत घेताना ते वचन देते, "मी लिहिणार नाही." परत देताना मात्र लेखणीसह पत्ता देते! म्हणजे केवळ वाचनासाठी मिळालेला मजकूर या खिडकीतून गेला की लिहिता येतो. ही चूक अजाणतेपणी झालेली नाही. सीमध्ये एका नावाचे एकच फंक्शन. ज्यांना लिहायचे होते आणि ज्यांना नव्हते, अशा दोघांनाही तेच पुरवायचे होते. सी++ने १९९८ च्या प्रमाणग्रंथात त्याची दोन रूपे करून हा प्रश्न सोडवला.

९/ युनिक्समधील 'एक्झेकव्ही'ची गत याच्या उलट. त्याला मिळालेले शब्द ते मुळीच बदलत नाही, तरी घोषणेत तसे पूर्णपणे म्हणता येत नाही. तसे लिहिले तर लेखणीसह पत्त्यांची साधी यादी सी त्याला आपणहून देऊ देत नाही. सीच्या मर्यादेमुळे हे मांडता आले नाही, अशी कबुली पॉझिक्स प्रमाणातच नोंदली आहे.

१०/ सी२३ हे प्रमाण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 'स्ट्रचर'ला अखेर शिस्त लागली: लेखणीविना दिलेला मजकूर आता लेखणीविनाच परत मिळतो. १९८९ ते २०२४, पस्तीस वर्षे. 'एक्झेकव्ही'ची घोषणा मात्र आजही तशीच आहे.