हर्मीस-ग्रंथांची भाषा आणि त्यांचे भाषांतर

‘त्रिवार महान हर्मीस’ म्हणजे हर्मीस ट्रिस्मेजिस्टस. त्याच्या नावावर रचलेल्या सतरा ग्रीक प्रकरणांचा संग्रह ‘कॉर्पस हर्मेटिकम’ या नावाने ओळखला जातो. ईजिप्तचा विद्यादेव थोथ आणि ग्रीकांचा हर्मीस यांच्या एकीकरणातून ही व्यक्तिरेखा निर्माण झाली. ईश्वर, विश्व आणि मानव यांच्या संबंधाचा विचार या प्रकरणांत बहुधा गुरुशिष्यांच्या संवादरूपाने केलेला आहे. त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनाचे पहिले ते तिसरे शतक असा मानला जातो. तथापि हा निर्णय सहजासहजी झालेला नाही. या ग्रंथांची कीर्ती एका भाषांतराने वाढविली आणि एका भाषापरीक्षणाने खालावली. पुढे त्या परीक्षणाची मर्यादाही भाषेच्याच पुराव्याने उघड झाली.

इ. स. १४६० च्या सुमारास लिओनार्दो द पिस्तोइया नावाच्या भिक्षूने मॅसिडोनियातून एक ग्रीक हस्तलिखित फ्लॉरेन्सला आणले. त्यात पहिली चौदा प्रकरणे होती. वृद्ध कोझिमो दे मेदिचीने प्लेटोच्या भाषांतराचे काम बाजूस ठेवून प्रथम हर्मीसचे भाषांतर करण्यास मार्सिलिओ फिचिनोला सांगितले. फिचिनोने ते १४६३ मध्ये पूर्ण केले. पुढच्याच वर्षी कोझिमो निवर्तला. १४७१ मध्ये हे लॅटिन भाषांतर छापले गेले. पहिल्या प्रकरणाचे ‘पिमांडर’ हे नाव फिचिनोने संपूर्ण ग्रंथास दिले. प्लेटोच्याही पूर्वी होऊन गेलेल्या ईजिप्शियन ऋषीची ही वाणी होय, अशी त्याची आणि त्याच्या वाचकांची श्रद्धा होती.

१६१४ मध्ये आयझॅक काझोबाँ याने या श्रद्धेवर आघात केला. कार्डिनल बारोनियसच्या चर्च-इतिहासाचे खंडन करताना त्याने हर्मीसच्या ग्रीक भाषेची चिकित्सा केली. या लेखनातील शब्दसंपत्ती उत्तरकालीन आहे, त्यात इ. स. पूर्व पाचव्या शतकातील शिल्पकार फिडियसचा उल्लेख येतो. ‘कॉसमॉस’ म्हणजे विश्व, आणि ‘सजविणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद यांची येथे घातलेली सांगड केवळ ग्रीकमध्येच संभवते. यावरून हा ग्रंथ ईजिप्शियन मुळाचे भाषांतर नसून मुळातच ग्रीक आहे, असे अनुमान त्याने काढले. पाठचिकित्सेचा हा नमुना आजही अभ्यासण्यासारखा आहे.

परंतु या पुराव्याने नेमके काय सिद्ध होते? उपलब्ध संहिता कोणत्या भाषेत आणि साधारण केव्हा रचली गेली, एवढेच. तीमधील विचार कोठून आला, हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. खुद्द संग्रहातील सोळावे प्रकरण या संदर्भात विलक्षण आहे. तेथे अस्क्लेपियस अम्मोन राजाला बजावतो की, हे ज्ञान ग्रीकांच्या हाती जाऊ देऊ नये. ईजिप्शियन शब्दांच्या ध्वनीतच सामर्थ्य असून ग्रीक भाषांतरात ते लोपेल. हे प्रतिपादन आपल्यापर्यंत पोहोचले ते मात्र ग्रीकमध्येच! यातील लेखकाचा अभिनिवेश बाजूस ठेवला, तरी ग्रीक लिहिणारा हा मनुष्य स्वतःला ईजिप्तच्या परंपरेचा मानतो, हे उरतेच.

विसाव्या शतकातील संपादकांपुढे हाच पेच होता. वॉल्टर स्कॉटने (याच नावाचा कादंबरीकार निराळा) १९२४ पासून प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत वाक्यांची इतकी उलथापालथ केली की, मूळ पाठ व संपादकाचे अनुमान वेगळे करणे कठीण झाले. नॉक व फेस्त्युझियेर यांच्या आवृत्तीने (१९४५–१९५४) विश्वसनीय ग्रीक पाठ व फ्रेंच भाषांतर दिले. मात्र या लेखनामागे कोणताही उपासक समुदाय नव्हता, असे फेस्त्युझियेरचे मत होते.

१९४५ मध्येच ईजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक पोथ्यांनी या मताचा फेरविचार करणे भाग पाडले. सहाव्या पोथीत हर्मीस-परंपरेतील तीन लेख आहेत. त्यांतील आभारप्रार्थना ग्रीक व लॅटिन रूपांतही उपलब्ध आहे. प्रार्थनेनंतर शिष्य रक्तविरहित पवित्र भोजनास जातात. कॉप्टिक पाठात त्यापूर्वी ते परस्परांना आलिंगन देतात, हा तपशील लॅटिनमध्ये नाही. दुसऱ्या एका लेखात हा उपदेश चित्रलिपीत कोरून मंदिरात ठेवण्याची आज्ञा आहे. तथापि येथेही सावधगिरी हवी: हे कॉप्टिक लेख स्वतः ग्रीकवरून भाषांतरित झालेले आहेत. ईजिप्तची वाणी ईजिप्तच्या भाषेत परतली, ती ग्रीकच्या मार्गाने.

भाषांतरकाराची अडचण यातूनच निर्माण होते. ‘पोइमांड्रेस’ या नावात पूर्वीच्या अभ्यासकांना ग्रीक ‘मानवांचा मेंढपाळ’ दिसला. कॉप्टिकच्या आधारे ‘रे-देवाचे ज्ञान’ अशीही व्युत्पत्ती सुचविली गेली आहे. ‘नूस’ या संज्ञेसाठी फिचिनोने ‘मेन्स’ योजले, तर कोपनहेव्हरच्या १९९२ च्या इंग्रजी भाषांतरात ‘माइंड’ आहे. मराठीत ‘मन’ म्हणावे, तर आपल्या दर्शनांत ते एक इंद्रिय ठरते. ‘बुद्धी’ म्हणताच सांख्यांची तत्त्वे पाठोपाठ येतात. ‘ग्नोसिस’ आणि ‘ज्ञान’ हे शब्द एकाच आदिधातूपासून निघालेले असले, तरी धातूचे ऐक्य म्हणजे अर्थाचे ऐक्य नव्हे.

काझोबाँने ग्रंथाची भाषा ओळखली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण भाषेचे वय हेच विचाराचे वय मानण्याची घाई पुढील पिढ्यांनी केली. दोन संस्कृतींच्या सीमेवर जन्मलेल्या या ग्रंथांचे भाषांतर करताना कोणत्याही एका बाजूचा निर्णय शब्दाच्या निवडीतून परस्पर देऊन टाकू नये, हाच त्यांच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.