लोणारची पंगत

२०२० सालच्या जून महिन्यात आपल्या वऱ्हाडातील लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. एरवी शेवाळाने हिरवेगार दिसणारे ते पाणी! माझ्या एका विद्यार्थ्याने घाबऱ्या आवाजात विचारले, “गुरुजी, तळ्याले झालं तरी काय?”

लोणारची ख्याती जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त लिहून ठेवले की, येथे काच व साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात. खारे पाणी माणसाच्या उपयोगी कसे पडते, हे तेव्हाच ठाऊक होते. त्या पाण्यात कोण राहतो नि काय खातो, हे कळावयास मात्र आणखी चार शतके लागली.

शेवाळ मेले म्हणजे त्याचे पुढे काय होते? याचा उलगडा दूरच्या समुद्रात झाला. २००९ च्या वसंतात जर्मनीच्या हेल्गोलांड बेटापाशी शेवाळ माजले. ते मरू लागताच जिवाणूंच्या निरनिराळ्या जाती पाळीपाळीने वाढल्या, असे ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांना दिसले. शेवाळात नाना प्रकारच्या शर्करा असतात. प्रत्येक जातीची आवड निराळी. जणू पंगतीमागून पंगत! त्यांतही स्वभाव दोन. काही जिवाणू मोठा घास जवळजवळ सबंधच आत ओढतात, शेजाऱ्याला कण लाभू देत नाहीत. काही तो बाहेरच कुसकरतात. मग चुऱ्यावर इतरांचेही पोट भरते.

लोणार समुद्र नव्हे, परंतु तेथेही उष्टे वाया जात नाही. तळच्या गाळात कुजण्यातून मिथेन वायू निघतो, आणि त्या वायूवरच जगणारे जिवाणू त्याच गाळात आहेत, हे २०१० साली पुण्याच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले. एकाचा टाकाऊ वायू, दुसऱ्याचे अन्न!

मग गुलाबी रंग कोणाचा? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खार वाढला होता, आणि खारातच फोफावणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बाळगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे फावले होते. ते तळाशी बसताच पाण्याचा रंग निवळला.

मी त्या मुलाला म्हटले, “बाळ, पाणी आटलं, मीठ वाढलं, म्हणून पंगतीला बसणारे बदलले.”

त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेले. मान मिळाला, आता जपणूक आपल्याकडे. सरोवरात सांडपाणी जाऊ देणे म्हणजे या पंगतीच्या पानांत भलतेच वाढणे होय. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाहुण्यांचाही आदर राखणे, हे वऱ्हाडच्या आतिथ्याला शोभेल.