संगणकाच्या कॅबिनेटमधील शांत पंखे : निवड आणि जुळणी

केस फॅन : डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटला बसवलेला, सामान्यतः १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारा पंखा. समोरून बाहेरची हवा आत घेणे किंवा मागून व वरून तापलेली हवा बाहेर टाकणे हे त्याचे काम. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) यांचे पंखे वेगळे असतात. मात्र तेही बहुधा कॅबिनेटमधलीच हवा ओढतात. ती हवा जितकी गार, तितके त्या पंख्यांचे फेरे कमी आणि संगणकाचा एकूण आवाजही कमी. पुरेशी हवा शक्य तितक्या कमी फेऱ्यांत खेळती ठेवणे हे शांत संगणकाचे मूळ सूत्र होय. कडक उन्हाळा, गार हिवाळा आणि राइस मिलची धूळ असलेल्या गोंदिया जिल्ह्यात ते वर्षभर एकाच जुळणीने साधत नाही.

पार्श्वभूमी : १९८१ च्या आयबीएम पीसीत वीजपुरवठ्याच्या पेटीतला एकच पंखा होता. १९९० च्या दशकात प्रोसेसर अधिक तापू लागले, तसे त्यांच्यावर आणि नंतर कॅबिनेटवर स्वतंत्र पंखे आले. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स रचनेमुळे कॅबिनेटचे साचे ठरून गेले, तर २००४ च्या सुमारास चार पिनांच्या जोडणीमुळे पंख्याचा वेग मदरबोर्डाकडून बारकाईने बदलणे शक्य झाले. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ (स्थापना २००५) व जर्मनीतील बी क्वाएट यांसारख्या कंपन्यांनी कमी आवाज हेच विक्रीचे मुख्य वैशिष्ट्य केले.

स्थानिक परिस्थिती : भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची (एमकेसीएल) स्थापना झाल्यानंतर राज्यभर संगणक-साक्षरतेची एमएस-सीआयटी केंद्रे उघडली; पुढे सेवा केंद्रे, डीटीपीची दुकाने, फोटो स्टुडिओ आणि राइस मिलची कार्यालये यांत संगणक दिवसभर चालू राहू लागले. मे महिन्यात येथील पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो अनेकदा १० अंशांखाली उतरतो. उन्हाळ्यात खोलीतला कूलर इतका आवाज करतो की संगणकाचा पंखा त्यात ऐकूच येत नाही. हिवाळ्यात कूलर आणि छताचा पंखा बंद असल्याने रात्री खोलीतला सर्वांत मोठा आवाज बहुधा संगणकाचाच असतो. म्हणजे गारव्याची गरज एका ऋतूत तीव्र, तर शांततेची गरज दुसऱ्या ऋतूत.

हवेची गरज : कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा किती तापेल हे संगणकाच्या वीजवापरावर आणि हवेच्या प्रवाहावर अवलंबून असते. खोलीत ४० अंश तापमान असताना २५० वॅट घेणाऱ्या संगणकातून तासाला ५० घनमीटर हवा जात असेल, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १६ अंशांनी अधिक गरम असते. प्रवाह १०० घनमीटर केला तर हा फरक ८ अंशांवर येतो. २०० घनमीटर केला तर ४ अंशांवर. पहिल्या दुपटीने ८ अंश मिळतात, दुसरीने फक्त ४. म्हणून गरजेपुरते दोन-तीन चांगले पंखे पुरतात. पुढे प्रत्येक पंख्यामागे आवाज वाढतो, गारवा मात्र फारसा वाढत नाही. १२० मिमीचा पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर मोकळ्या हवेत तासाला साधारण ९० ते १०० घनमीटर हवा देतो. जाळी, गाळणी आणि वायरींचा गुंता यांमुळे कॅबिनेटमध्ये प्रत्यक्षात बरीच कमी मिळते.

आवाजाची कारणे : पात्यांमागे हवेत उठणाऱ्या भोवऱ्यांचा सळसळाट हा मुख्य भाग. त्यावर पात्यांची संख्या व फेरे यांनुसार ठरणारा एक सूर असतो : सात पात्यांचा पंखा १,२०० फेऱ्यांवर १४० हर्ट्झचा सूर देतो. याखेरीज मोटरची टकटक, बेअरिंगची घरघर आणि पातळ पत्र्याची थरथर. फेरे निम्मे केले की प्रवाह निम्मा, दाब एक चतुर्थांश आणि लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. दुसरीकडे, सारखाच आवाज करणारे दोन पंखे मिळून एकट्यापेक्षा फक्त ३ डेसिबल अधिक आवाज करतात. त्यामुळे एक पंखा १,२०० वर पळवण्याऐवजी दोन पंखे ६०० वर चालवले, तर जवळपास तेवढीच हवा सुमारे १२ डेसिबल कमी आवाजात मिळते.

एकाच जातीचे दोन पंखे थोड्या वेगळ्या फेऱ्यांवर चालले तर त्यांचे सूर एकमेकांत मिसळून चढउतार होणारा ‘घूं-घूं’ आवाज येतो. १,२०० व १,२३० फेऱ्यांच्या सात पात्यांच्या पंख्यांत तो सेकंदाला साडेतीन वेळा चढतो-उतरतो. एकाचा वेग शंभरेक फेऱ्यांनी बदलला की हा त्रास जातो. पंखा छिद्रांच्या पत्र्याला अगदी चिकटून हवा ओढत असेल तरीही सूर तीव्र होतो. मध्ये ५ ते १० मिमी अंतर ठेवल्यास फरक पडतो.

निवड : प्रचलित आकार ८०, ९२, १२० व १४० मिमी, जाडी बहुधा २५ मिमी. स्क्रूच्या भोकांतील अंतर १२० मिमीच्या पंख्यात १०५ मिमी, तर १४० मिमीच्या पंख्यात १२४.५ मिमी असते; खरेदीआधी कॅबिनेटवरील भोके मोजावीत. जागा असेल तर मोठा पंखा घ्यावा, कारण तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत देतो. समोर दाट जाळी किंवा गाळणी असेल तर अधिक स्थिर दाब देणारा, रुंद पात्यांचा पंखा लागतो. मागच्या मोकळ्या तोंडाला साधा चालतो. डब्यावरील डेसिबलच्या आकड्यांवर फार विसंबू नये : मोजणीचे अंतर व पद्धत कंपनीगणिक बदलते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन पंख्यांची तुलना करण्यापुरतेच ते उपयोगी.

बेअरिंगचे मुख्य प्रकार तीन. स्लीव्ह बेअरिंग स्वस्त व सुरुवातीला शांत असते, पण उष्णतेत तेल सुकून लवकर घरघरते. बॉल बेअरिंग टिकाऊ, पण त्याचा किंचित आवाज पहिल्यापासून असतो. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग शांत आणि टिकाऊ दोन्ही. कंपन्या आयुष्याचे तास बहुधा ४० अंश तापमान धरून सांगतात. मे महिन्यात येथील कॅबिनेटच्या मागच्या पंख्यातून याहून गरम हवा जाते. म्हणून चांगल्या बेअरिंगचा पंखा मागे बसवावा, स्वस्त पंखा समोर.

बाजारातील अनेक स्वस्त कॅबिनेटमध्ये तीन-चार रंगीत दिव्यांचे पंखे आधीच बसवलेले असतात. ते मोलेक्स जोडणीने थेट एसएमपीएसला जोडलेले असल्याने कायम पूर्ण वेगाने फिरतात. आवाज कमी करायचा असेल तर यांपैकी एक-दोन काढून त्यांच्या जागी चार पिनांचे पंखे लावणे, हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय.

मांडणी आणि धूळ : प्रचलित मांडणीत समोर दोन पंखे हवा आत घेतात व मागे एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवली तर फटींतून हवा बाहेर निघते आणि धूळ फक्त गाळणीतूनच यायचा प्रयत्न करते. राइस मिलच्या परिसरात याला विशेष महत्त्व आहे. धानाच्या तुसात सिलिकाचे प्रमाण मोठे असते. बॉयलरमध्ये तूस जाळल्यावर उरणारी राख बारीक व खरबरीत असते आणि बेअरिंगला घातक ठरते. पावसाळ्यात हीच धूळ ओलाव्याने हीटसिंकच्या पात्यांवर चिकटते. त्या दिवसांत किडे व पालीही आत शिरतात, म्हणून रिकाम्या स्लॉटच्या फटी आणि उघडी भोके जाळीने झाकावीत.

नायलॉनची गाळणी मिलच्या हंगामात दोन-तीन आठवड्यांनी धुवून सावलीत वाळवावी. गाळणी तुंबली की पंखा फिरत राहतो पण हवा येत नाही; मग प्रोसेसरचा पंखा वेग वाढवतो आणि दोष त्या पंख्यावर येतो. ब्लोअरने सफाई करताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होते. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये : खोली गार झाल्याचा फायदा संगणकाला मिळतोच, पण थेट झोतातील तुषारांबरोबर बोअरवेलच्या पाण्यातले क्षार आत जाऊन पांढरा थर धरतात. जून-जुलैत हवा दमट झाली की कूलरचा गारवाही घटतो.

वेगनियंत्रण : तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज घटवून (डीसी पद्धत) कमी होतो, फार घटवल्यास तो सुरूच होत नाही. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरील सुमारे २५ किलोहर्ट्झचा संकेत (पीडब्ल्यूएम) वेग ठरवतो. ही वारंवारता कानाच्या मर्यादेपलीकडे असल्याने तिचा स्वतंत्र आवाज येत नाही. बायोसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी डीसी किंवा पीडब्ल्यूएम यांपैकी योग्य पर्याय निवडावा. तीन पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम लावल्यास तो पूर्ण वेगानेच फिरतो. मदरबोर्डाची एक जोडणी बहुधा १ अँपियरपर्यंत प्रवाह देते, त्यामुळे एका स्प्लिटरवर दोन-तीन साधे पंखे चालतात.

जुळणी रात्री, खोली शांत असताना करावी. वेग हळूहळू वाढवत पंखा कुठे सुरू होतो, कुठे कानाला जाणवू लागतो आणि कुठे पत्रा थरथरतो ते टिपून ठेवावे. साध्या कामासाठी ऐकू न येणारा वेग ठरवावा आणि थरथरीचा पट्टा ओलांडून पुढे जाईल असा आलेख आखावा. मग अर्धा तास जड काम देऊन तापमान पाहावे. प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-वीस अंशांनी उडते. त्यामागे केस फॅन धावले तर आवाज सतत चढतो-उतरतो. म्हणून बायोसमध्ये वेगबदलाला काही सेकंदांचा विलंब द्यावा किंवा केस फॅन मदरबोर्डाच्या तापमानाला बांधावेत. विंडोजवर फॅनकंट्रोल, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स ही साधने याच कामाची.

ऋतूनुसार दोन आलेख : पंख्याचा वेग तोच असेल तर खोलीचे तापमान जेवढे वाढते, साधारण तेवढेच आतले वाढते. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत रिकामा प्रोसेसर ३५ अंशांवर असेल, तर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तो ५५ वर बसतो. ५० अंशांना वेग वाढवणारा हिवाळी आलेख तसाच ठेवला तर उन्हाळ्यात संगणक काही न करताही गरगरत राहतो. उन्हाळी आलेखात वेगवाढीचा आरंभ १५ ते २० अंशांनी पुढे सरकवावा, मात्र ८५ अंशांच्या आत पूर्ण वेग यावा; अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. हार्ड डिस्कची मर्यादा यापेक्षा बरीच खाली, बहुधा ६० अंश असते. ज्या संगणकात डिस्क आहे तेथे समोरचा पंखा तिच्यावरून हवा नेईल असा बसवावा आणि उन्हाळ्यात त्याचा किमान वेग वाढवावा. दोन्ही आलेख बायोसच्या प्रोफाइलमध्ये जतन करता येतात : एक होळीच्या सुमारास, दुसरा दिवाळीनंतर लावावा आणि त्याच वेळी गाळणी, हीटसिंक व पंख्यांची पूर्ण सफाई करावी.