भारताचार्य वैद्य : इतिहासकाराचे राजकारण

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास चिंतामण विनायक वैद्य यांचे नाव एका विशेष कारणाने जवळचे वाटावयास हवे. महाभारताच्या व्यासंगाबद्दल लोकांनी त्यांस 'भारताचार्य' म्हटले, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यांच्या उमेदीची वर्षे आपल्याप्रमाणेच परमुलखातील कचेरीत गेली, हे सहसा ध्यानात येत नाही. १८६१ साली कल्याण येथे जन्मलेले हे एम. ए., एलएल. बी. गृहस्थ ग्वाल्हेर संस्थानच्या न्यायखात्यात शिरले आणि तेथील सरन्यायाधीशपदापर्यंत चढले. ज्या ग्रंथांनी त्यांचे नाव झाले ते मात्र निवृत्तीच्या सुमारास, म्हणजे १९०५ पासून पुढे, प्रसिद्ध होऊ लागले. चव्वेचाळिसाव्या वर्षी ज्याची खरी कारकीर्द सुरू होते अशा माणसाचे चरित्र कारकुनी करणाऱ्यास धीर देणारे आहे, यात शंका नाही.

वैद्यांचा व्यासंग संस्कृताचा, पण त्यांची दृष्टी केवळ शब्दपंडिताची नव्हती. १९०५ साली त्यांनी महाभारताची चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि व्यासांचा 'जय', वैशंपायनाचे 'भारत' व सौतीचे 'महाभारत' अशा तीन पायऱ्या त्यात मांडल्या. पुढे १९१८ साली 'महाभारताचा उपसंहार' हा मराठी ग्रंथ आला. माधवराव सप्रे यांनी तो हिंदीत नेल्यामुळे इकडील वाचकांसही वैद्य परिचित झाले. या ग्रंथात धर्म व समाज यांच्याबरोबर सैन्य आणि युद्ध यांचाही स्वतंत्र विचार आहे. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, हा हिशेब आपण लहानपणी पाठ करतो आणि विसरून जातो. वैद्यांसारखा अभ्यासक मात्र थांबून विचारतो की, हे सैन्य उभे कसे राहात असेल, लढत कसे असेल. सभापर्वात नारद युधिष्ठिरास विचारतात, सैन्याचा शिधा आणि वेतन तू वेळेवर देतोस ना? सरकारी नोकरास या प्रश्नाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

राजकारणात वैद्य लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे. इंग्रजी विद्येत मुरलेले असूनही परंपरेचा अभिमान त्यांनी कधी सोडला नाही. भारतीय युद्धाचा काळ इ. स. पूर्व ३१०१ हाच होय, हे परंपरागत मत त्यांनी शेवटपर्यंत उचलून धरले. मात्र त्यांस आंधळे सनातनी म्हणणे अन्यायाचे होईल. कारण 'अबलोन्नतिलेखमाला' लिहून स्त्रियांच्या स्थितीचा विचार करणारेही तेच. जुने टिकवावयाचे, पण त्याचे कारण देऊन टिकवावयाचे, अशी त्यांची वृत्ती होती. त्या काळी राजकीय लेख आणि इतिहासग्रंथ यांमध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. परक्या सत्तेखाली ज्यांस उघड बोलता येत नसे, ते इतिहासाच्या तोंडून बोलत.

ही गोष्ट त्यांच्या मध्ययुगीन हिंदू भारताच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९२१ ते १९२६ या काळात इंग्रजीत निघालेल्या या तीन खंडांत हर्षाच्या कनोजपासून इ. स. १२०० पर्यंतचा काळ आहे. दुसऱ्या खंडात रजपुतांच्या उत्पत्तीचा प्रश्न येतो. रजपूत हे शक-हूणादी परकीयांचे वंशज, असे व्हिन्सेंट स्मिथ प्रभृतींचे मत होते. वैद्यांनी ते हिरीरीने खोडून रजपूत हे वैदिक आर्यांचेच वंशज असल्याचे प्रतिपादिले. येथे पुरावा किती बोलतो आणि अभिमान किती, असा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहात नाही. पुढील संशोधकांनी दोन्ही टोके सोडली. अनेक कुळे व जमाती सत्ता मिळवीत हळूहळू 'रजपूत' झाल्या, असे आता सामान्यतः मानले जाते.

परंतु तिसऱ्या खंडातील वैद्य निराळे वाटतात. गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्या आणि घोरीचा विजय यांचे वर्णन केल्यावर पराभव का झाला, हा प्रश्न त्यांस टाळता येत नाही. शत्रूच्या क्रौर्यावर सर्व भार टाकून मोकळे होणे सोपे होते. अभिमानी लेखकास ते शोभूनही गेले असते. वैद्य तसे करीत नाहीत. राजेराजे आपसांत लढत राहिले आणि शस्त्र धरणे हे एकाच जातीचे काम ठरल्यामुळे बाकीची प्रजा तटस्थ राहिली, अशी कारणे ते देतात. परंपरेचा कैवार घेणाऱ्याने परंपरेच्याच एका अंगावर बोट ठेवावे, यात त्यांच्या इतिहासबुद्धीची खरी परीक्षा झाली आणि ती उतरली, असे मला वाटते.

या विचारास मला प्रवृत्त करणारे स्थळ माझ्या बिऱ्हाडापासून दूर नाही. लखनौच्या आलमबागेत मी राहतो. वाजिद अली शाहाने आपल्या बेगमेसाठी बांधविलेली ही बाग १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी घेतली. नोव्हेंबरात जनरल हॅवलॉक दिलखुशा येथे वारला व त्याचे दफन येथे झाले. त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत औट्रामने हे ठाणे धरून ठेविले आणि मौलवी अहमदुल्ला शाहाच्या माणसांनी त्यावर पुनःपुन्हा हल्ले केले. आज डोक्यावरून मेट्रो जाते, खाली बाजाराची गर्दी असते. कबरीकडे कोणी वळून पाहात नाही.

याच युद्धाशी वैद्यांचा एक फार मोलाचा संबंध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे वैद्य घराण्याचे उपाध्याय. उत्तरेस दक्षिणेच्या आशेने निघालेले हे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले आणि सर्व गमावून परतले. त्यांनी आपली हकीकत लिहून काढली ती वैद्यांच्या आग्रहामुळे. भटजींच्या पश्चात १९०७ साली वैद्यांनी 'माझा प्रवास' छापले. परंतु मूळ लेखनात फेरफार करून. नावातही 'बंडाची हकीकत' हेच शब्द राहिले. दोनच वर्षांनी सावरकरांचे पुस्तक त्याच घटनेस स्वातंत्र्यसमर म्हणत बाहेर पडले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. गोडसे भटजींचे मूळ हस्तलिखित दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने प्रसिद्ध होण्यास १९६६ साल उजाडावे लागले.

वैद्यांस या फेरफाराबद्दल दोष देणारे पुष्कळ आहेत, आणि संशोधनाच्या कसोटीवर तो दोष खरा आहे. साक्षीदाराचे शब्द बदलण्याचा अधिकार इतिहासकारास नाही. पण त्यांनी आग्रह धरला नसता तर ती साक्षच लिहिली गेली नसती, हेही तितकेच खरे. फाइलीवर मसुदा सौम्य करण्याची सवय ज्यांच्या हाडीमाशी खिळली आहे, अशा आपल्यासारख्यांनी तरी या बाबतीत निवाडा देण्याची घाई करू नये.

२० एप्रिल १९३८ रोजी वैद्य निवर्तले. त्यांची अनेक मते मागे पडली. पण जो आपल्या पक्षाचा अभिमान बाळगूनही आपल्या पराभवाचा हिशेब स्वतः मांडतो, त्याचे ग्रंथ जुने झाले तरी वाचावेसे वाटतात. ज्या मुलखात आपली नोकरी आहे त्या मुलखाच्या इतिहासात आपलीही काही माणसे होती, आणि त्यांतील एक गरीब भिक्षुक व एक न्यायाधीश यांनी मिळून त्याचे एक पान वाचविले, एवढी आठवण आलमबागेत राहणाऱ्याने ठेवावी, हे योग्यच होय.