साठ वर्षांत पाच साप

चिनी राशींचं खूळ आता आपल्याकडेही आलंय. २९ जानेवारी २०२५ ला सुरू झालेलं चिनी वर्ष 'काष्ठसर्पा'चं. तेव्हा नात्यातल्या मुलांनी मलाही माझी रास काढून दिली. मी १९५३ च्या पावसाळ्यातला, म्हणजे जलसर्प! बुद्धी तल्लख, स्वभाव खोल वगैरे. माझ्या वर्गात बसलेल्यांनी काय ते ठरवावं :-)

पण यातलं गणित मला आवडलं. बारा प्राणी, दर वर्षाला एक, साप सहावा. सोबत पाच तत्त्वं: काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू, जल. लाकडाने अग्नी पेटतो, राखेची माती होते, मातीत धातू सापडतो, गार धातूवर पाणी धरतं, पाण्यावर झाड वाढतं. आपल्या पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश तिथे नाहीत. प्रत्येक तत्त्व लागोपाठ दोन वर्षं चालतं, म्हणजे त्यांचा फेरा दहा वर्षांचा. दहा आणि बाराचा लसावि साठ! साप बारा वर्षांनी परततो तेव्हा तत्त्व एक पाऊल पुढे गेलेलं असतं: १९६५ काष्ठ, १९७७ अग्नी, १९८९ पृथ्वी, २००१ धातू, २०१३ जल, आणि २०२५ ला पुन्हा काष्ठ.

साठाचा फेरा आपल्यालाही परका नाही. पाडव्याला आपण संवत्सराचं नाव वाचतोच. शके १९४७ चं विश्वावसू. चीनमध्ये ही साठाची मोजणी तीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजांच्या काळात, दिवस मोजायला वापरत. कौल लावायच्या हाडांवर ती तारखेसारखी कोरलेली सापडते. वर्षांना ती पुढे लागू झाली, प्राणीही मागाहून जोडले गेले. म्हणजे मूळ काम मोजणीचं.

मग सहज २ ऑक्टोबर १८६९ पाहिलं. गांधीजी निघाले पृथ्वीसर्प! (आपल्याकडे शके १७९१, शुक्ल संवत्सर, भाद्रपद वद्य द्वादशी.) १९१७ हे अग्निसर्पाचं वर्ष, त्यात चंपारण. १९२९ ला पृथ्वीसर्प पुन्हा आला, आणि वर्षअखेर लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. किती छान जुळलं ना? पण दांडीयात्रा १९३० ची आणि 'चले जाव' १९४२ चं, ही दोन्ही वर्षं घोड्याची. जुळेल ते धरायचं आणि उरलेलं सोडायचं म्हटलं की कोणाचीही पत्रिका जमते.

गांधीजींचा खऱ्या सापांशी मात्र पुष्कळ संबंध आला. १९३६ साली ते आमच्या वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. भोवती शेतशिवार, तेव्हा साप निघायचेच. ते धरायचा लाकडी चिमटा आणि ठेवायची पेटी आजही आश्रमात पाहायला मिळते. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, अशी रीत. पण अट्टहास नव्हता. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्या खोलीत अडचणीच्या जागी साप निघाला, हाकलता येईना, धरता येईना, तेव्हा त्यांनीच मारायची परवानगी दिली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. मी नोकरीत असताना एका विद्यार्थिनीच्या आईला निंदणाच्या दिवसांत धुऱ्यावर साप चावला. घरच्यांनी आधी मांत्रिक गाठला. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. पंधरा दिवसांनी मुलगी शाळेत आली. "तिच्या नशिबातच होतं सर," असं ती मला समजावत होती. बारा वर्षांची पोर! मला उत्तर सुचलं नाही.

आज सुचतं. बाई, नशिबात काही नव्हतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सर्पदंशावर उपचार होतात. सापाच्या विषावरचं औषध तिथे आहे, ते वेळेत मिळायला हवं होतं. गेलेले तास मांत्रिकाच्या ओट्यावर गेले.

म्हणून मुलांनो, राशी खुशाल काढा, लसावि पक्का होईल. पण पावसाळ्यात रात्री बाहेर निघताना हातात टॉर्च आणि पायात बूट असू द्या. कोणाला साप चावलाच तर त्याला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, आणि गाडी थेट दवाखान्याकडे वळवा.

तुमच्याकडे अजून मांत्रिकाकडे नेतात का? जरूर लिहा.