हिराबाईंचा जलसा

सातवी शिकलेल्या बाईने इतिहास लिहावयास बसणे म्हणजे धाडसच! पण आमच्या आजीला हिराबाई बडोदेकरांचे भारी वेड. म्हणून हा प्रयत्न.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने यांच्या त्या कन्या. तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँसाहेबांची. खाँसाहेब एकच राग अतिशय संथपणे, पुष्कळ वेळ मांडीत. अशा गुरूची ही शिष्या तिकीट लावून जलसे करू लागली, तेही स्त्रीने चारचौघांत गाणे कमीपणाचे मानीत त्या काळी. समोर जाणकार थोडे, नाटकातली पदे ऐकायला आलेलेच फार! हिराबाईंनी ख्यालाची संथ बढत सोडली नाही, पण ती आटोपशीर केली आणि मागून नाट्यपद, भजन गाऊ लागल्या. काही जण याला तडजोड म्हणतील. मला नाही तसे वाटत. पथ्याचे आणि आवडीचे आपण एकाच ताटात वाढतोच की! शिवाय भजनातही त्यांचा सूर तोच, ख्यालातला. हातवारे नाहीत, शांत बसून गाणे.

१९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८९ साली त्या निवर्तल्या.

आजी लहानपणी वडिलांबरोबर त्यांच्या जलशाला गेली होती. "मुलींनी गाणे शिकू नये" म्हणणारे पणजोबा परत येताना गप्प होते म्हणे. पुढच्याच महिन्यात घरात पेटी आली. भाता फाटला आहे, पण ती अजून आमच्या माळ्यावर आहे.