बटण आधी उलटं करा

जुन्या बाजारात जी.आय.पी. रेल्वेच्या व्हॉलंटियर तुकडीचं पितळी बटण मिळालं, तर घासून चकचकीत करू नका. ठसाच झिजतो. उलटं करा, मागे बहुधा बनवणाऱ्याचं नाव सापडेल. मग पुढचा मुकुट बघा. कमान मध्ये दबलेली असेल तर नमुना व्हिक्टोरियाच्या काळचा, घुमटासारखी असेल तर १९०१ नंतरचा. पण हा काळ नमुन्याचा, वापराचा नव्हे! जुनं बटण नव्या कोटावरही चढतं.

आता खरा प्रश्न : हा कोट घालायचं कोण? बहुतेक गोरे आणि अँग्लो-इंडियन. व्हॉलंटियर दलात भारतीयांनाही घ्या, असा ठराव काँग्रेसने १८८६ साली कलकत्त्यात केला होता. तेव्हा नोंदवहीत ‘कोणाला घालू दिलं नाही’ असाही रकाना आखा.